जुन्या वाड्यात शिशाचा पाइप निघाला. पाणी पिण्याजोगं आहे का, कसं ओळखायचं?

माजघर
गेल्या आठवड्यात मोरीची भिंत फोडली. निपाणीतला आमचा वाडा पणजोबांच्या तंबाखूच्या वखारीच्या दिवसांतला. नळ घरात आला तो आजोबांच्या लग्नाच्या आसपास, असं आत्या सांगते. मीटरपासून मोरी आणि स्वयंपाकघरापर्यंतची लाइन जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपाची आहे हे माहीत होतं. पण मीटरच्या अलीकडे, भिंतीच्या पोटात, हातभर लांबीचा एक वेगळाच तुकडा दिसला. करडा, वळण घेतलेला, नखानं ओरखडा उमटेल इतका मऊ. गवंड्यानं बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाला, "अक्का, हे शिसं हाय. लोखंड न्हवं."

वहिनीला सहावा महिना लागलाय. घरात सगळ्यांच्या आधी तीच उठते आणि पहिला तांब्या त्या नळाखाली भरून तिथंच उभ्यानं पाणी पिते. आईनं लावलेली सवय आहे. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोरून तो तांब्या हलत नाही.

आमच्याकडं पाणी जवाहर तलावाचं. शुद्ध होऊन येतं, चवीला गोड आहे, वासही नाही. मग एवढ्या तुकड्यानं काय होणार, असं दादा म्हणतो. खरंच काही होत नाही का? पाणी कुठं तपासायचं? आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत काय करायचं?

कृष्णाकाठ
आधी खात्री करा. पाइपाला लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंड किंवा जीआय. न चिकटता नाण्यानं खरवडल्यावर आत चांदीसारखं चकचकीत निघालं आणि थोड्या वेळात ते पुन्हा मळकट झालं, तर शिसं. ठोकून बघा, लोखंड टणत्कार करतं, शिसं धप्प वाजतं.

नळमिस्त्री_शहापूर
मी ३५ वर्षं नळाचं काम करूलालोय. ताई, तुमचा गवंडी बरोबर बोललाय. जुन्या लोकांनी मोठ्या लाइनीपासनं घरात वळवून घ्यायला शिशाचा तुकडा वापरलेला मी दोन-तीन ठिकाणी काढलाय. शिसं हातानं वाकतंय, जमीन खचली तरी तुटत न्हाई, म्हणून लावायचे.

रस्त्याखालच्या बिडाच्या पाइपांचे जॉइंटपण शिशाचेच असायचे. एका पाइपाच्या तोंडात दुसरा घालायचा, मधल्या फटीत तागाचा पीळ ठोकून बसवायचा, बाहेरनं चिकणमातीचा गळा बांधायचा, आणि वर ठेवलेल्या भोकातनं वितळलेलं शिसं एका दमात ओतायचं. थांबला की जॉइंट गेला. मग थंड झाल्यावर छिन्नीनं गोल ठोकत जायचं. आत पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी शिसं फटाक्यागत उडायचं. माझ्या मनगटावर अजून डाग हाय.

माझे गुरू, ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते दिवसभर त्या भट्टीपाशी बसायचे. त्यांच्या पोटात एवढ्या कळा यायच्या की काम टाकून आडवे व्हायचे. आम्ही समजायचो पित्त हाय. सोडा-लिंबू द्यायचो.

बालरोगवाला
मिस्त्रीकाका, तुमच्या गुरूंना काय झालं होतं ते मी इथून सांगू शकत नाही. पण शिशाच्या धुरात काम करणाऱ्यांना पोटात असह्य कळा येतात आणि पुढं मनगट लुळं पडतं, हे वैद्यकात जुनं आणि पक्कं आहे. तुम्हीही अनेक वर्षं ते काम केलंय. रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या. साधी शिरेतून रक्त घेऊन होणारी तपासणी आहे.

आता माजघरताईंचा मुद्दा. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. ते हाडांत साठवलं जातं आणि वर्षानुवर्षं तिथं राहतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघतं, तेव्हा त्याबरोबर शिसंही निघतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. मोठा माणूस पोटात गेलेल्या शिशाचा लहानसा भाग शोषून घेतो, लहान मूल मात्र निम्म्यापर्यंत शोषतं. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात हे प्रमाण आणखी वाढतं, आणि आपल्याकडच्या किती बायकांचं हिमोग्लोबिन ठीक असतं हे मी रोज ओपीडीत बघतो.

वहिनींच्या डॉक्टरांना पाइपाची गोष्ट सांगा आणि रक्त तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनेप्रमाणे डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर कारण शोधून बंद करायचं असतं. त्याखाली आलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळी कुणालाच सापडलेली नाही. नाचणी, दूध, पालेभाज्या, वर लिंबू, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

आणि रक्ताचा निकाल येईस्तोवर वहिनींना त्या नळाचं पहाटेचं पाणी देऊ नका.

चिक्कोडीचे_आप्पा
मला हे थोडं अति वाटतं. माझे वडील ८६ वर्षांचे होऊन गेले. जन्मभर तसल्याच वाड्यात राहिले, त्याच नळाचं प्याले. शेवटपर्यंत हिशेब तोंडी करायचे. आमच्या आजीनं कल्हईच्या भांड्यात आमटी केली, शेंदराच्या मारुतीला हात लावून तोच हात तोंडाला लावला. कुणाला काही झालं नाही. हल्ली प्रत्येक गोष्टीची भीती घालतात आणि मग फिल्टर विकतात.

बालरोगवाला
आप्पा, वडिलांना दीर्घायुष्य लाभलं याचा आनंदच आहे. पण शिसं माणसाला एकदम खाली पाडत नाही. मूल जेवतं, खेळतं, शाळेत जातं. लक्ष लागत नाही, वाचताना अडखळतं, चिडतं. आपण म्हणतो, हा जरा मंद आहे, मामावर गेलाय. जे मूल आणखी हुशार होऊ शकलं असतं ते आपल्याला कधी दिसतच नाही, म्हणून 'काही झालं नाही' असं वाटतं. युनिसेफनं २०२० मध्ये अंदाज मांडला होता: जगातल्या दर तीन मुलांमागं एकाच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं, म्हणजे ८० कोटींपर्यंत मुलं. त्यांत भारतातली सर्वांत जास्त.

फिल्टर मी कुणाला विकत नाही. वहिनींनी काय करायचं ते वर लिहिलंय, त्यात फिल्टर कुठंच नाही.

रसायनताई
दादाचा प्रश्न रास्त आहे, एवढ्याशा तुकड्यानं काय होणार? उत्तर पाणी त्यात किती वेळ थांबतं यावर आहे. वाहतं पाणी शिशाला चाटून निघून जातं. रात्रभर थांबलेलं पाणी ते हळूहळू विरघळवत राहतं. पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि किंचित आम्लधर्मी असेल तर जास्त. जड पाण्यात पाइपाच्या आत क्षारांचा थर बसतो आणि तो थोडंफार झाकण घालतो.

अमेरिकेतल्या फ्लिंट गावी २०१४ मध्ये नेमकं हेच बिघडलं. गावाचा पाण्याचा स्रोत बदलला, पाइप कुरतडू नये म्हणून घालायचं रसायन घातलं नाही, आणि जुन्या शिशाच्या जोडण्यांवरचा थर सुटला. पाइप तेच होते, पाणी बदललं.

आपल्याकडं भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि पर्यायी स्रोत नसला तरी यात सूट नाही. आता टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचं, बघा. लोक खिशात टीडीएसचं मीटर घेऊन फिरतात आणि ३०० आलं, छान आहे म्हणतात. ३०० मिलिग्रॅममध्ये ०.०१ त्या मीटरला कसं दिसणार? पोत्यात एक दाणा शोधण्यासारखं आहे. त्यासाठी प्रयोगशाळेत अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन किंवा आयसीपी असं धातू मोजणारं यंत्र लागतं. बेळगाव, कोल्हापूरला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळा शोधा आणि 'लेड' तपासता का, हे आधी फोनवर विचारा. साध्या 'पिण्याच्या पाण्याच्या' पॅकेजमध्ये ते बहुधा नसतंच.

नमुना घ्यायची पद्धत सगळ्यात महत्त्वाची. रात्री झोपताना सगळे नळ बंद. निदान सहा तास कुणी पाणी वापरायचं नाही. सकाळी नळ सोडल्याबरोबर पहिलं एक लिटर बाटलीत, धार वाया न घालवता. मग पाणी वाहू द्या आणि दुसरी बाटली भरा. दोन्हींवर वेळ लिहा. नुसतं वाहत्या पाण्याचं तपासलं तर अहवाल कोरा येतो आणि आपण फसतो.

माजघर
ताई, नेमकं हेच होणार होतं. एका प्रयोगशाळेचा माणूस दुपारी तीनला बाटली घेऊन आला आणि 'पाच मिनिटं नळ सोडा' म्हणाला. मी तुमचं वाचून त्याला परत पाठवलं, आता पहाटेचे नमुने आम्हीच भरून नेऊ.

वडगावकर
विषयाला फाटा फोडतोय, पण मनापासून. आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी अकरा जणांना कावीळ झाली. गटार आणि नळ शेजारीशेजारी. पाणी चार दिवसांनी येतं, मधल्या काळात पाइप रिकामा असतो आणि फटीतून गटाराचं आत ओढून घेतो. वर ज्याच्या-त्याच्या दारात मोटर लावून खेचाखेची. शिशानं मूल मंद होईल हे मान्य, पण जुलाबानं मूल जातं. आधी कशाला घाबरायचं?

२००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं, ते आठवा. हुबळी-धारवाडात नंतर अभ्यास झाला, त्यात अधूनमधून येणाऱ्या पाण्यात जंतू जास्त सापडले, आणि पाणी सुटल्यावरचं पहिलं पाणी सर्वांत वाईट.

रसायनताई
वडगावकर, फाटा नाही हा, एकच रस्ता आहे. पहिलं पाणी जंतूंसाठी वाईट आणि शिशासाठीही वाईट. आणि आपली सवय काय? वॉल्व्हमननं चावी फिरवली की सगळ्यांत आधी पिण्याची घागर नळाखाली. कारण नंतर येईल की नाही याचा भरवसा नाही. त्या भीतीमुळं चार दिवस पाइपात बसलेलं पाणी थेट देवघराशेजारच्या माठात जातं.

आतून अर्धा इंची पाइपात मीटरभर लांबीला साधारण सव्वाशे मिलिलिटर पाणी मावतं. पन्नास फूट लाइन धरली तरी दोन लिटरच्या आत. म्हणजे पहिली एक बादली बाजूला काढली की घरातलं साचलेलं पाणी गेलं. ती बादली ओतून द्यायची गरज नाही. अंगणात सडा, फरशी, संडास, मोटारसायकल. शिसं कातडीतून आत जात नाही, हात धुवायला हरकत नाही. फक्त तोंडात नको.

एक अडचण राहते. गच्चीवरच्या टाकीतून नळ असेल तर टाकीपासूनची लाइनही मोजा.

मलप्रभा_खानापूर
आमच्याकडं नळ नंतर आला, आधी आड. जांभ्या दगडातलं पाणी, नितळ आणि मऊ. डाळ लगेच शिजते म्हणून पाहुणे कौतुक करतात. पण रसायनताईंनी लिहिलंय तसं मऊ पाणी धातू जास्त खातं. आमच्या पितळी तोट्यांना आतून खड्डे पडलेत. पितळेत शिसं असतं का?

रसायनताई
असतं. पितळ कापायला सोपं जावं म्हणून ओतताना त्यात थोडं शिसं मिसळतात. एक तोटी म्हणजे पाइप नव्हे, पण रात्रभर तिच्या पोटात थांबलेलं पाणी पहिल्या घोटात येतं. खानापूर, चंदगडच्या बाजूला पीएच एकदा मोजून घ्या (तो जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी), साडेसहाच्या खाली असेल तर जास्त जपा. आणि गरम नळाचं पाणी स्वयंपाकाला कधीच घेऊ नका, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं.

संकेश्वरी
उकळून प्यायलं तर?

बालरोगवाला
उकळून जंतू मरतात, शिसं मरत नाही. पाणी आटलं की उलट ते घट्ट होतं. बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्याला पावडर कालवायला पहाटेचं पाणी उकळून वापरलं तर सगळं त्याच्याच पोटात. म्हणून आधी वाहू द्या, मग भरा, मग उकळा. हा क्रम आईला चार वेळा सांगावा लागतो.

हुक्केरीचा_पाटील
फिल्टरचं सांगा कुणीतरी. आमच्या घरी निळा दिवा लागणारं यंत्र आहे, त्यात निघतं का?

रसायनताई
नुसत्या यूव्हीनं, म्हणजे अतिनील किरणांनी, नाही. तो दिवा जंतूंसाठी. आरओनं, म्हणजे बारीक पडद्यातून दाबानं पाणी गाळणाऱ्या यंत्रानं, शिसं निघतं, पण पडदा वेळेवर बदलायला हवा. गावोगावी नाणं टाकून २० लिटर भरून मिळणारे शुद्ध पाण्याची केंद्रं आहेत, ती आरओचीच, तात्पुरती सोय म्हणून चांगली. पूर्वेला अथणी-कागवाडकडं ऊसपट्ट्यात बोअरचं पाणी खारट आणि नायट्रेटचं, तिथं आरओला तसाही अर्थ आहे. निपाणीत मात्र तलावाचं चांगलं पाणी हातभर पाइपासाठी आरओत घालून निम्मं मोरीत सोडायचं, याला माझा विरोध आहे. पाइप बदला.

हुक्केरीचा_पाटील
प्लास्टिकचा घालू म्हणता, पण पीव्हीसीतही शिसं असतं म्हणे? आमची लाइन ९५ साली घातलेली.

रसायनताई
बरोबर ऐकलंत. पीव्हीसी उन्हात आणि उष्णतेत टिकावं म्हणून आपल्याकडं वर्षानुवर्षं शिशाचे क्षार मिसळत. राष्ट्रीय हरित लवादापर्यंत प्रकरण गेलं आणि २०२१ मध्ये केंद्रानं पीव्हीसी पाइपांतल्या शिशाबद्दल नियम काढले. नवा घेताना पाइपावर शिसंविरहित छापलंय का, ते वाचून घ्या, किंवा एचडीपीई (पॉलिथिनचा पाइप) घ्या. त्यात शिशाचा संबंध येत नाही. जुनी लाइन उन्हात पडलेली, पांढरी भुकटी सुटणारी असेल तर आधी ती काढा.

नळमिस्त्री_शहापूर
पाटील, अजून एक बगा. जीआयच्या आट्यांना आम्ही ताग गुंडाळून वर सफेदा, म्हणजे पांढरा लेप, लावायचो. जुन्या सफेद्यात शिसं असायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बोटानं लावायचा, त्याच बोटानं तंबाखू मळायची. आता मी टेप वापरतो. नव्या पोरांना पण टेपच द्या म्हणून सांगूलालोय.

चिक्कोडीचे_आप्पा
मघाशी मी मारुतीचा शेंदूर लिहिला. नात सांगते त्यात शिसंच असतं. खरं का?

रसायनताई
खरं आहे, आप्पा. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. देवाला लावा, पण हात धुतल्याशिवाय प्रसादाला लावू नका, आणि लेकराच्या कपाळाला तो नको. कल्हईचंही तसंच. शुद्ध कथील असेल तर काही भीती नाही, पण स्वस्तात उरकायला त्यात शिसं मिसळतात. आंबट ताक, चिंचेची आमटी अशा भांड्यात ठेवली की ते उतरतं. हळद फार पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग घालणारेही सापडलेत. आणि लहान मुलं विचारतात म्हणून सांगते, शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं.

बालरोगवाला
माजघरताई, एक राहिलं आणि ते पाइपापेक्षा तातडीचं आहे. तुम्ही वाडा दुरुस्त करताय. जुन्या दारा-खिडक्यांचा ऑइलपेंट घासून काढणार आहात का? आपल्याकडं रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांच्या थरात किती असेल ते सांगता येत नाही. कोरडा पॉलिशपेपर मारला की ती धूळ घरभर बसते, ताटावर, अंथरुणावर. वहिनींना ते काम होईतो माहेरी पाठवा. ओलं करून घासा, झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा.

माजघर
डॉक्टर, तुम्ही लिहिलं त्याच दिवशी सकाळी सुतारानं देवघराचं दार घासायला घेतलं होतं. हिरव्या रंगाच्या खाली निळा, त्याखाली गेरूसारखा. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात धूळ तरंगताना दिसत होती. काम थांबवलं. वहिनी संध्याकाळच्या गाडीनं गडहिंग्लजला गेली.

कारदग्याची_सून
आमच्या गावात जलजीवनच्या चाचणीसाठी आम्हा पाच बायकांना शिकवलं. पेटीत पीएच, क्लोरीन, फ्लोराइड, नायट्रेट, लोह तपासायच्या बाटल्या आहेत. शिशाची नाही. अंगणवाडीचा नळ जुना आहे, मला आता त्याची काळजी लागली. आणि जिल्ह्याहून येणारे कागद कन्नडमध्ये असतात, मला अक्षर लावून वाचावं लागतं. शिशाला कन्नडमध्ये काय म्हणतात?

मलप्रभा_खानापूर
सीस. आपल्या शिशाचाच भाऊ. कागदावर 'सीस' दिसलं की ती ओळ बघ, पुढं आकडा ०.०१ च्या खाली हवा. अर्ज करताना ग्रामपंचायतीला 'अंगणवाडीच्या नळाचं सकाळचं पहिलं पाणी शिशासाठी तपासा' असं स्पष्ट लिही. नुसतं 'पाणी तपासा' लिहिलंस तर क्लोरीन बघून जातील. कन्नडमधून लिहून हवा असेल तर मी देते, माझं शिक्षण कन्नड शाळेतच झालंय.

कारदग्याची_सून
द्या ताई. उपकार होतील.

माजघर
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. अहवाल आले. पहाटेच्या बाटलीत ०.०३१, वाहू दिल्यानंतरच्या बाटलीत ०.००४. दोन बाटल्या, एकच नळ, पंधरा मिनिटांचं अंतर. दादा कागद हातात घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर कितीतरी वेळ बसून होता. त्यालाच वाटत होतं काही निघणार नाही.

लगेच शिशाचा तुकडा काढून नवा पाइप जोडला. सुटलो असं वाटलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर पहाटेचं ०.०१९. म्हणजे तुकडा नाही तरी शिसं आहेच. हे कसं?

रसायनताई
तुमच्या जीआय पाइपानं ते धरून ठेवलंय. इतकी वर्षं शिशाच्या तुकड्यातून येणारं पाणी पुढच्या लोखंडी पाइपातून गेलं. आतल्या गंजात शिसं चिकटत गेलं. आता तो गंज थोडा-थोडा सोडतोय. शिवाय काम करताना करवत, पाना लागला की कण सुटतात. काही दिवस आकडा वाढलेलाही दिसतो. शिशाच्या पुढची सगळी जुनी लोखंडी लाइन काढावी लागेल. वाईट वाटतं सांगताना, भिंत पुन्हा फोडायची म्हणजे. पण अर्ध्यावर सोडू नका.

नळमिस्त्री_शहापूर
ताई, भिंत फोडू नका. जुनी लाइन भिंतीतच मेलेली राहू दे, दोन्ही तोंडं बंद करा. नवी लाइन बाहेरनं, मोरीच्या कडेनं घ्या, वर पट्टी मारा. दोन दिवसांचं काम. जोडून झाल्यावर नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, कचरा तिथंच अडकतो. मग बराच वेळ जोरात पाणी सोडा आणि मगच प्यायला घ्या. पहिले काही दिवस जाळी परत-परत बगा.

कृष्णाकाठ
तो काढलेला शिशाचा तुकडा मला द्या की. आमच्याकडं नदीत जाळ्याला वजनं लागतात, घरी वितळवून ओततो.

बालरोगवाला
कृष्णाकाठ, कळकळीनं सांगतो, घरात चुलीवर शिसं वितळवू नका. त्याचा धूर आणि राख पाण्यातल्या शिशापेक्षा कितीतरी वाईट, आणि चुलीशेजारी मुलं बसलेली असतात. ज्या कढईत वितळवाल त्यात पुन्हा कधी काही शिजवू नका.

कृष्णाकाठ
दरवर्षी करतो आम्ही. माझा धाकटा शेजारी बसून बघतो. उद्या त्याचं रक्त तपासून घेतो.

माजघर
शेवटचं कळवते. बाहेरून नवी लाइन घातली, मिस्त्रीकाकांनी सांगितलं तशी. महिन्यानं पहाटेच्या बाटलीत शिसं यंत्राला सापडलंच नाही. वहिनीचं रक्त ५ च्या खाली आलं, डॉक्टरांनी बाळंतपणानंतर पुन्हा बघायला सांगितलंय. पुढच्या महिन्यात ती येईल. ती येण्याआधी मी स्वयंपाकघरात नवी तोटी लावून घेतली आणि आईला समजावलं. आई आता रात्री निजताना, पाणी वाहू देऊन, तांब्या भरून झाकून ठेवते. म्हणते, सकाळी हाच प्यायचा.

आमच्या ओळीत त्याच काळात बांधलेले आणखी सहा वाडे आहेत. दोन घरांत लहान मुलं आहेत. रविवारी दादा चुंबक घेऊन सगळ्यांचे मीटर बघून येणार आहे. मिस्त्रीकाका, तुम्हाला जमेल का यायला?

नळमिस्त्री_शहापूर
येतो. सकाळच्या गाडीनं निघतो, दहापर्यंत पोचतो. सहाही घरांना सांगून ठेवा, रात्री नळ बंद ठेवा म्हणून. बाटल्या तुम्ही आणा, चुंबक माझ्याकडं हाय.

कारदग्याची_सून
काका, परत जाताना कारदग्याला उतराल का? अंगणवाडी स्टँडपासून जवळ आहे.